डोळे चोळू नका



मळणीच्या दिवसांत डोळ्यांत धूळ-भुसा जातो व आपण डोळे चोळतो. ही सवय सोडावी. डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत. बुबुळावरचा काचेसारखा पडदा म्हणजे पारपटल. काही तरुणांत ते पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. चोळण्याने हा विकार वाढतो. मुलाच्या चष्म्याचा नंबर वारंवार बदलत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून पारपटलाची जाडी व आकार तपासून घ्यावा. वडोदऱ्याच्या सयाजीराव रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

विकार वाढत असल्यास ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून पारपटलावर अतिनील किरण सोडतात. त्याने पडदा घट्ट होतो व बहुधा विकार थांबतो; गेलेली जाडी मात्र परत येत नाही. म्हणून उशीर करू नये. आकार सुधारण्यासाठी काहींच्या पारपटलात बारीक कड्या बसवतात. कडक कॉन्टॅक्ट लेन्सनेही दिसेनासे झाले किंवा मोठा व्रण पडला, तर पारपटलाचे रोपण करावे लागते.

रोपणासाठी पारपटल मिळते ते नेत्रदानातूनच. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. नेत्रदानाने मृतदेहाचा अनादर होत नाही, असे पोप पायस बारावे यांनी १९५६ सालीच पारपटल-दात्यांच्या इटालियन संघटनेपुढे सांगितले होते. तेव्हा घरच्यांशी आजच बोलून ठेवा.