पुलावरचा सॅक्सोफोन

"सॅक्सोफोन? वरातीत वाजतो तोच ना?"

सबमिशनची रात्र होती. खाली सोलापूर रोडने बँड चालला होता. रूम पार्टनरने विचारलं आणि रूममधले सगळे हसले. मीही हसलो. माझे काका लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात, हे मी फर्स्ट इयरपासून हॉस्टेलवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आज इथे छापूनच सांगतोय. पण मित्रहो, हा लेख काकांवर नाही. त्यांच्याच वाद्यातल्या एका फार मोठ्या माणसावर, सॉनी रॉलिन्सवर आहे. या माणसाला घडवलं कुणी, एवढाच प्रश्न.

आधी थोडं टेक्निकल, इंजिनिअरिंगचं मॅगझिन आहे म्हणून. एडॉल्फ सॅक्स या बेल्जियन माणसाने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण आवाज निघतो बोरूच्या पातळ रीडमधून, म्हणून पाश्चात्त्य मंडळी त्याला क्लॅरिनेट-बासरीच्या पंगतीत बसवतात. क्लॅरिनेटची नळी सरळ, याची शंकूसारखी पसरत जाणारी. त्यामुळे तीच बोटं ठेवून सूर वर उडवला की सॅक्सोफोन 'सा'वरून वरच्या 'सा'वर जातो, तर क्लॅरिनेट थेट तार सप्तकातल्या 'प'वर. वायवात कुणी विचारणार नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

रॉलिन्सचा जन्म ७ सप्टेंबर १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. म्हणजे घरात कॅलिप्सोची चाल आणि घराबाहेर जाझ. १९५६ च्या 'सॅक्सोफोन कोलॉसस' या रेकॉर्डमधली त्याची सगळ्यात गाजलेली धून 'सेंट थॉमस'. ती लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली चाल! आपल्यातल्या एखाद्याने आजीची जात्यावरची ओवी उचलून गिटारवर आणावी, तसंच हे.

दुसरी शाळा सिनेमाची. १९५७ च्या 'वे आउट वेस्ट'मध्ये त्याने चक्क काउबॉयच्या गाण्यांवर जाझ वाजवला, तोही पियानोशिवाय, फक्त बास आणि ड्रम सोबतीला घेऊन. "बँडवाले काय, सिनेमाची गाणी वाजवतात" असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवावं.

आता प्रत्यक्ष वादक. सुरुवातीला तो लुई जॉर्डनवर फिदा होता, म्हणून हातात आल्टो सॅक्सोफोन. मग कोलमन हॉकिन्सचा १९३९ चा 'बॉडी अँड सोल' कानावर पडला आणि गडी टेनरकडे वळला. हॉकिन्स त्यांच्याच भागात राहायचा. पोरगेला रॉलिन्स फोटो घेऊन त्याच्या दारात सहीसाठी उभा राहिला होता. त्याच दोघांनी १९६३ मध्ये एकत्र रेकॉर्डिंग केलं. ते ऐका. रॉलिन्स त्यात हॉकिन्ससारखं वाजवणं जवळजवळ हट्टाने टाळतो. एवढी भक्ती, पण नक्कल नाही.

थेलोनियस मंक हा पियानोवादक त्याचा खरा गुरू म्हणावा लागेल. शाळा सुटली की रॉलिन्स मंकच्या घरी तालमीला जायचा. मंकची शिकवण कानाला कळते ती अशी, की मूळ धून सोडून पळायचं नाही. ख्यालगायक ताना घेऊन पुन्हा मुखड्यावर येतो ना? रॉलिन्स तसाच मुखड्याचा एक तुकडा घेतो, उलटा करतो, ताणतो, थट्टा करतो, पण धरून ठेवतो. गंथर शुलर या समीक्षकाने १९५८ मध्ये 'ब्लू सेव्हन'वर याचं बारकाईने विश्लेषण लिहिलं. गंमत अशी, की ते वाचून रॉलिन्स वाजवताना अवघडून गेला!

आणि चार्ली पार्कर. त्या पिढीचं दैवत, पण व्यसनी. पोरांनी सूर उचलले आणि हेरॉइनही उचललं. रॉलिन्स त्यातच गेला, तुरुंगातही जाऊन आला. १९५३ च्या एका रेकॉर्डिंगला तो पार्करशी खोटं बोलला, की मी सोडलंय. खरं कळल्यावर पार्करचा चेहरा उतरला. तो चेहरा रॉलिन्सला विसरता आला नाही. तो लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचाराला गेला. बरं होऊन पार्करला सांगायचं होतं. पण तो तिथे असतानाच, १२ मार्च १९५५ ला, पार्कर गेला.

बाहेर आल्यावर भेटला क्लिफर्ड ब्राउन. ट्रम्पेटवादक, व्यसनाच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा. नीट जगूनही उत्तम वाजवता येतं, हे रॉलिन्सने त्याच्याकडे पाहून मानलं. 'सेंट थॉमस'चं रेकॉर्डिंग २२ जून १९५६ चं. चारच दिवसांनी ब्राउन मोटार अपघातात गेला, वय अवघं पंचवीस.

१९५९ मध्ये नाव शिखरावर असताना रॉलिन्सने कार्यक्रम बंद केले. कारण? लोक म्हणतात तितकं आपल्याला येत नाही, असं त्याला वाटलं. रियाज तर करायचा, पण शेजारच्या घरात बाई गरोदर, त्रास कुणाला द्यायचा? (आमच्या कॉरिडॉरमधल्या डेकवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) मग तो विल्यम्सबर्ग पुलावर गेला. खाली ईस्ट नदी, बाजूने धडधडत जाणारी लोकल, आणि हा पठ्ठ्या दिवसाचे पंधरा-पंधरा तास वाजवतोय, उन्हापावसात, १९६१ पर्यंत. गाडीतळाच्या उड्डाणपुलावर कुणी असं उभं राहिलं तर आपण काय म्हणू ते मला ठाऊक आहे. १९६२ ला परतल्यावरच्या रेकॉर्डचं नावच 'द ब्रिज'.

पुढचा मुक्काम मात्र आपल्या महाराष्ट्रातला! १९६० चं दशक संपत असताना हा माणूस बॅग आणि सॅक्सोफोन घेऊन एकटाच मुंबईला आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला. तेच पवई, जिथल्या आयआयटीचं स्वप्न आपण बारावीपर्यंत पाहिलं. तिथे त्याने वेदान्त ऐकला. पण डोळे मिटून ध्यानाला बसणं काही जमेना. त्याने स्वामीजींना तसं सांगितलं. उत्तर मिळालं, की तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान. त्याला घडवणाऱ्यांच्या यादीत एकही सूर न शिकवणारा हा एकच माणूस असावा. १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जाझ यात्रेत तो पुन्हा येऊन वाजवून गेला. २०१४ च्या एका रेकॉर्डमध्ये त्याच्या धुनेचं नाव आहे 'पतंजली'.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा काकांना मोबाईलवर 'सेंट थॉमस' ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. "दम लई हाय गड्याचा," म्हणाले, आणि वाद्य काढून गोठ्यापलीकडे जाऊन बसले. घरात माझा चुलतभाऊ अभ्यास करत होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी पहिल्या चार ओळी बसवल्या होत्या, फक्त तिसरीत एक सूर चुकत होता.