सर्व्हर बंद असतानाही जागा असणारा संगणक

जवळपास प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर आणखी एक छोटा संगणक बसवलेला असतो. मुख्य प्रोसेसर बंद असला तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर हा चालू राहतो. पंखे, तापमान आणि व्होल्टेजवर लक्ष ठेवणं, लांब बसलेल्या माणसाला सर्व्हर चालू-बंद करू देणं, स्क्रीनवर काय दिसतंय ते त्याच्यापर्यंत पोचवणं ही त्याची कामं. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी म्हणतात. या बीएमसीसाठी ओपनबीएमसी नावाचं मुक्त फर्मवेअर आहे. त्याच्यावर मी बरीच वर्षं काम करतो आहे. आधी पुण्यात राहून केलं, आता वाशिमला घरून करतो.

२०१४ मध्ये फेसबुकच्या चार इंजिनिअरांनी एका हॅकेथॉनमध्ये याचा पहिला नमुना केला. २०१५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०१८ मध्ये आयबीएम, इंटेल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या सहभागानं ओपनबीएमसी लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प झाला. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरसाठी चाललेलं हे काम वाशिमच्या माणसाला आपलं का वाटावं? इथे सर्व्हर अडला की दुरुस्तीला माणूस अकोल्याहून, नाहीतर नागपूर-पुण्याहून यावा लागतो. तोवर पतसंस्थेचा काउंटर थांबतो आणि कॉलेजातली परीक्षेची कामं खोळंबतात. म्हणून लांबून यंत्र सांभाळणाऱ्या या चिपचं मोल महानगरापेक्षा आडगावाला जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. कामातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. लाइन येण्याचा क्षण लाइन जाण्यापेक्षा नाजूक असतो.

एका संस्थेतल्या जुन्या कर्मचाऱ्याचा एकदा फोन आला. "भाऊ, लाइन आली, पण मशीन काही उठून नाही राहिलं." मी म्हटलं, "दादा, दोन मिनिटं त्याले हातच नका लावू." वीज आली की सर्व्हरच्या आधी बीएमसी जागा होतो. तोही लिनक्सच चालवतो, त्याला सुरू व्हायला मिनिटभर किंवा जास्त वेळ लागतो, आणि पुष्कळ बोर्डांवर पॉवर बटणाचा इशारा त्याच्याच हातून पुढे जातो. तो उठेपर्यंत बटण कितीही दाबलं तरी उपयोग नसतो.

वीज परतल्यावर काय करायचं, याचे ओपनबीएमसीत मुख्य तीन पर्याय असतात : कायम चालू कर, कायम बंद ठेव, किंवा आधी जसं होतं तसं कर. शहरातल्या डेटा सेंटरला जनरेटर आणि यूपीएसची दुहेरी साखळी असते, तिथे हे एकदा ठरवलं की विसरलं तरी चालतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाइन येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. अशा वेळी वीज आल्याआल्या सर्व्हर उठवला तर डिस्क फिरायला लागते न लागते तोच पुन्हा अंधार. म्हणून सर्व्हर उठवण्याआधी थोडं थांबण्याची सोय फार कामाची आहे. ही सोय ओपनबीएमसीत आहे. आपल्या बोर्डावर ती नीट चालते का, हे मात्र ज्याचं त्यानं तपासायचं. बीएमसी अर्धवट उठलेला असतानाच वीज तोडायची आणि पुढे काय होतं ते पाहायचं, ही चाचणी मी प्रत्येक नव्या बोर्डावर करतो. चाचण्यांच्या छापील यादीत ती क्वचितच सापडते.

याला जोडूनच घड्याळाचं दुखणं आहे. पुष्कळ बोर्डांवर बीएमसीला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्याच कुठल्यातरी तारखेत वावरतो. मग नोंदींवर चुकीची तारीख पडते आणि सुरक्षा प्रमाणपत्र "अजून लागू झालेलं नाही" म्हणून नाकारलं जातं. लाइनसोबत इंटरनेटही जातं, अशा गावात हे वारंवार घडतं. नोंदी वाचताना तारखेवर लगेच विश्वास ठेवू नये, आधी क्रम पाहावा.

२. वाचता न आलेलं तापमान म्हणजे शून्य नव्हे.

मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४ अंशांच्याही पुढे जातो. खोलीतला एसी बंद पडला की सर्व्हरचा जीव पंख्यांवर असतो आणि पंख्यांचा वेग ठरवतो बीएमसी. सेन्सर आयटूसी नावाच्या दोन तारांच्या वाटेनं जोडलेले असतात, आणि त्या वाटेवर अधूनमधून उत्तर येतच नाही. अशा वेळी घाईत लिहिलेला प्रोग्राम शून्य धरून चालतो. शून्य अंश म्हणजे थंडगार, म्हणून पंखे मंदावतात, आणि आत प्रोसेसर तापत असतो.

ओपनबीएमसीत उत्तर न देणाऱ्या सेन्सरची किंमत "संख्याच नाही" अशी नोंदली जाते आणि तो सेन्सर नादुरुस्त ठरतो. पंखे चालवणारा प्रोग्राम ते पाहून आधी ठरवलेल्या सुरक्षित वेगावर जातो. तो वेग सहसा भरपूर चढा ठेवलेला असतो. पंख्यांचा घोंगाट सुरू झाला की लोक तक्रार करतात, "आवाज कमी करा" म्हणतात. आवाज कमी करण्यासाठी ही सुरक्षित मर्यादा खाली आणायला मी कधीही तयार होत नाही. आधी न बोलणारा सेन्सर शोधा, मग आवाजाचं पाहू. फर्मवेअर लिहिणाऱ्यानं अज्ञानाला अज्ञानच म्हणावं. तिथे अंदाजानं आकडा भरणं हा माझ्या लेखी या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

३. जागा थोडी आहे हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

एएसटी२५०० ही तैवानच्या ॲस्पीड कंपनीची चिप हजारो सर्व्हरांत आहे. तिच्यासोबतची फ्लॅश मेमरी पुष्कळदा ३२ मेगाबाइटची असते. त्यात बूटलोडर, लिनक्सचं कर्नल, न बदलणारी फाइल व्यवस्था आणि सेटिंग ठेवायचा छोटा भाग, असं सगळं बसवायचं. मोबाइलमधले दहा-बारा फोटोही मावणार नाहीत एवढ्या जागेत एक अख्खा सर्व्हर सांभाळणारी यंत्रणा राहते. एखादी सोय असली तर बरी, म्हणून ती आत घेऊ नये. शक्य असेल तिथे बोर्डावर दुसरी फ्लॅश चिप मागून घ्यावी. नवं फर्मवेअर टाकताना काही बिघडलं तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या बीएमसीला पुन्हा सुरू करणारा पहारेकरी, त्या दुसऱ्या चिपवरून बीएमसी उठवू शकतो, आणि अकोल्याहून माणूस बोलवायची वेळ टळते.

४. बदल स्वतःजवळ ठेवला की त्याचं ओझं होतं.

कंपनी एखादा बोर्ड बनवते, ओपनबीएमसीची प्रत घेते, स्वतःपुरते बदल करते आणि माल विकायला काढते. पहिलं वर्ष छान जातं. पण मूळ प्रकल्प थांबत नाही. तो योक्टो या बांधणी-व्यवस्थेच्या ताज्या रूपासोबत चालतो, कर्नलच्याही नव्या आवृत्त्या घेत राहतो. दोन वर्षांनी सुरक्षेची एक दुरुस्ती हवी असते, आणि तोवर मूळ कोड व आपला कोड एकमेकांना ओळखेनासे झालेले असतात. मग एका दुरुस्तीसाठी महिने घालवायचे किंवा ती सोडून द्यायची. बहुतेक जण सोडून देतात. त्या बोर्डाचा सर्व्हर मात्र कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजात पुढची सात-आठ वर्षं चालूच असतो.

यावरचा उपाय मला एकच माहीत आहे : केलेला बदल मूळ प्रकल्पात पाठवायचा. तिथे तपासणी कडक असते. गेरिट या व्यवस्थेत प्रत्येक ओळीवर प्रश्न येतात. बदल का केला आणि कसा तपासला हे लिहावंच लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला त्या इंग्रजीचं आधी दडपण येतं. पण तिथे भाषेच्या सफाईला कुणी गुण देत नाही. कोणत्या बोर्डावर, काय केलं, काय दिसलं, एवढं तीन साध्या वाक्यांत खरं लिहिलं तर ते पुरतं. आलेला प्रश्न कोडला असतो, आपल्याला नसतो. हे मनात ठसायला मात्र वेळ लागतो.

५. आपल्या जमिनीवर आहे म्हणून ते आपलं असतंच असं नाही.

मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे आपल्या शेतांमधून गेली, आपल्याच माणसांनी तिच्यातून प्रवास केला. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी त्या मार्गाची मालकी एका खासगी कंपनीकडेच राहिली. रूळ खंगत गेले, गाड्या थांबल्या, आणि लोक निवेदनं देत राहिले. बंद फर्मवेअर असलेला सर्व्हर मला तसाच दिसतो. यंत्र आपण विकत घेतलं, वीजबिल आपण भरतो, पण आत काय चाललंय ते वाचायचा आणि बिघडलं तर दुरुस्त करायचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर आहे.

असं दुसऱ्याच्या मर्जीवर राहण्यातला धोका खरा आहे. आयपीएमआय २.० या बीएमसीशी बोलण्याच्या जुन्या नियमावलीत दोष असा, की बीएमसीला बाहेरून विचारलं तर तो पासवर्डचा हॅश विचारणाऱ्याच्या हाती देतो. २०१३ मध्ये हे जगजाहीर झालं. दोष नियमावलीतच असल्यानं एखाद्या कंपनीनं आपला कोड सुधारून तो जात नाही. २०२५ मध्ये मेगारॅक या फार वापरल्या जाणाऱ्या बंद फर्मवेअरमध्ये पासवर्डाशिवाय आत शिरता येईल असा दोष उघड झाला, त्याला १० पैकी १० गुणांची तीव्रता दिली गेली, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असल्याचं नोंदवलं. ओपनबीएमसीतही २०२१ मध्ये आयपीएमआयच्या भागात असाच गंभीर दोष सापडला होता. फरक पुढचा आहे. दुरुस्ती सगळ्यांसमोर झाली, कुणालाही ती वाचता आली, आणि ज्याच्याकडे कोड होता त्याला कुणाची परवानगी न मागता ती लावता आली.

कोड आपल्या हाती असण्याचं महत्त्व आता आणखी वाढलं आहे. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्रात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं घडवलेला परम रुद्र महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. सी-डॅकची पायाभरणी करणारे डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे कारंज्याच्या शेजारचेच. देश स्वतःचे सर्व्हर घडवू लागला आहे. त्या सर्व्हरमधल्या या छोट्या संगणकाचा कोड वाचणारी आणि सांभाळणारी माणसंही इथेच तयार व्हायला हवीत.

६. सांभाळणाऱ्याचं नाव लिहिलेलं असावं.

ओपनबीएमसीच्या प्रत्येक भागात एक फाइल असते, त्या भागाची जबाबदारी कुणाची हे सांगणारी. लहानशी फाइल, पण मी नवा भाग वापरण्याआधी तीच उघडतो. नाव असेल आणि तो माणूस उत्तर देत असेल, तरच तो कोड जिवंत समजावा.

वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनात, शेगावला, अमरावतीला शिकणाऱ्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे : हे काम शिकायला लाखाचा सर्व्हर लागत नाही. क्यूएमू हा प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर ॲस्पीड चिपचा बोर्ड उभा करतो. आयबीएमच्या रोम्युलस बोर्डासाठीची ओपनबीएमसी प्रतिमा त्यात चालवा, रेडफिश या बीएमसीशी बोलण्याच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर काय काय दिसतं ते पाहा, एखादा सेन्सर गप्प झाला तर पंख्यांचा प्रोग्राम काय करतो ते कोडमध्ये वाचा. मग जे कागदपत्रांत चुकीचं किंवा अपुरं वाटेल ते दुरुस्त करून पाठवा. आणि ज्यांच्या सहीनं सर्व्हर विकत घेतले जातात त्या प्राचार्यांना, पतसंस्थांच्या संचालकांना विनंती आहे : पुढच्या निविदेत तीन अटी घाला. बीएमसीच्या फर्मवेअरला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळतील ते लेखी द्यावं, फर्मवेअरचा कोड मिळावा, आणि बीएमसीची जोडणी इंटरनेटपासून वेगळ्या नेटवर्कवर करून, कारखान्यातला पासवर्ड बदलूनच यंत्र ताब्यात द्यावं.