सीतेची आसवे

श्रावण-भाद्रपदात साताऱ्याच्या पश्चिमेस कासच्या पठारावर जांभळट निळ्या रानफुलांचे ताटवे पसरतात. लोक ह्या फुलास 'सीतेची आसवे' म्हणतात. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया पर्पुरॅसेन्स.

त्याची ओळख अशी. देठ दोऱ्याएवढा बारीक व वीतभराच्या आतला. त्यावर हिरवे पान म्हणून आढळत नाही. फुलास दोन ओठ असतात. वरचा अरुंद, खालचा रुंद असून त्यावर पांढरे डाग दिसतात. हीच ती आसवे. मागील बाजूस एक टोकदार शिंग असते. शेजारीच पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद उभे असतात, पण त्यांस असे ओठ नाहीत, तेव्हा घोटाळा होण्याचे कारण नाही.

नवल आहे ते मातीखाली. ह्या झाडास खरे मूळ नाही. ओल्या मातीत त्याचे तंतू पसरतात व त्यांवर डोळ्यांस जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात. पिशवीतील पाणी बाहेर काढून झाड ती चेपलेली ठेवते. सूक्ष्म जलजंतूचा दारास स्पर्श होताच दार आत उघडते, आणि पाण्याबरोबर जंतूही आत ओढला जाऊन पचविला जातो. इतका खटाटोप कशासाठी? जमीन निकस म्हणून. तेथे जांभ्या पाषाणावर माती ती काय चार बोटे. तिचा कस पावसाने धुऊन जातो, आणि खालचे कवच कठीण असल्यामुळे पाणी मात्र साचून राहते. पाऊस सरला की झाड वाळते, बी मातीत राहते.

सातबाऱ्यावर अशा जमिनीस 'पोटखराब' म्हणतात. हा शब्द नांगराच्या दृष्टीने खरा, पण तेवढ्याच दृष्टीने. कोकणातील सड्यांवरही ह्या फुलाची भावंडे उगवतात, आणि तेथे कोठे चिऱ्यांची खाण निघते, कोठे मातीचा भराव घालून बाग होते. कास 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत आले. गावोगावच्या सड्यांस तसे नाव नाही.

आपल्या गावी सडा असेल तर मुलांस घेऊन अवश्य जावे. पाय खडकावर ठेवावा, चिखलात नव्हे. झाड उपटून घरी आणणे व्यर्थ होय. शेणखताच्या कुंडीत ते जगत नाही. आणि वरच्या अंगास चर खणून पाणी काढून दिले, तर खालचा ताटवा कोणी हात न लावताही नाहीसा होतो.