गाडी खाली बसवली, खर्च वर गेला

ताग्यातून कापलेला कपडा पुन्हा ताग्याला जोडता येत नाही, हे कापडाच्या धंद्यात आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. गाडीच्या स्प्रिंगचेही तसेच आहे, हे मात्र उतारवयात पैसे मोजून शिकलो. तोच धडा आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

आमच्या भाच्याने जुनी लहान गाडी घेतली. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून ती स्पोर्ट्स कारसारखी दोन इंच खाली बसवलेली. भाचा खूश. म्हणाला, "मामू, गाडी रस्त्याला चिकटून चालते." लग्नसराईत कसबे शिवथरला बस्त्याचा माल पोचवायचा होता. टेम्पो मिळेना, म्हणून साड्यांचे गठ्ठे टाकून महाडहून याच गाडीने निघालो. वाटेत एका गतिरोधकावर गाडीच्या पोटाला ठोकर बसली, चेंबर फुटले आणि ऑइल रस्त्यावर आले. माल दुसऱ्या दिवशी पोचला. दुरुस्तीचे बिल भरता आले, पण गिऱ्हाइकाला दिलेली जबान मोडली, ती कशी भरायची?

आता हिशोब पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण १६० ते १७० मिलिमीटर उंच असते. दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर गेले की उरतात ११० ते १२०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असतो. मध्ये राहिली बोटभर जागा. चार माणसे आणि माल बसला की तीही संपली.

हे झाले त्या दिवसाचे नुकसान. खरे नुकसान हळूहळू होते. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारे २० टक्के कडक होते आणि दबायला जागा कमी उरते. शॉकअपचा दांडा सतत आत राहतो, खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आदळतो, मग सील जाऊन तेल गळते. गॅसने तापवून कापली तर पोलादाचे पाणी उतरते. ती बसते किंवा तुटते. चाके वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेने झिजतो आणि बाहेरून नवाच दिसतो. बॉलजॉइंट आणि बुश यांवर वाकडा भार येतो. हादरे शेवटी बॉडीला आणि माणसाच्या कमरेला बसतात.

मग शर्यतीच्या गाड्या खाली का असतात? वजन जमिनीजवळ राहिले की वळणावर गाडी कमी कलते, हे खरेच आहे. पण तिथे स्प्रिंग, शॉकअप आणि चाकांचा कोन एकमेकांच्या मापाने बनवतात, आणि रस्ता चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकसारखा गुळगुळीत असतो. वरंध घाटाचा किंवा आंबेनळीचा पावसाळ्यानंतरचा रस्ता तसा नसतो.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मापात मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीही हरकत घेऊ शकते.

म्हणून जुनी गाडी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. स्प्रिंगचे टोक कापलेले आहे का, ते पाहावे. गाडी उचलून पोटावरचे ओरखडे तपासावेत. शॉकअपवर तेल दिसते का, तेही बघावे. संशय आला तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीने बसवून अलाइनमेंट करावी, आणि तो खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा.

भाच्याने शेवटी तेच केले. गाडी आता पूर्वीइतकी देखणी दिसत नाही, पण माल घेऊन शिवथरला जाते आणि वेळेवर परत येते. व्यापाऱ्याला गाडी हवी असते ती यासाठीच.