पिकांची पाण्याची गरज : हिशेब आणि नियोजन

महाराष्ट्रातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. विहिरीत वा तलावात साठलेल्या पाण्यावर किती क्षेत्र भिजेल, हे जितके साठ्यावर ठरते, तितकेच ते पिकाच्या निवडीवरही ठरते. म्हणून प्रत्येक पिकाची पाण्याची गरज जाणून घेणे अगत्याचे आहे.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी फार थोडे पिकाच्या अंगी राहते. बहुतेक पाणी पानांवाटे बाष्परूपाने हवेत जाते, तर काही जमिनीच्या पृष्ठभागावरून उडून जाते. या दोहोंची बेरीज म्हणजे ढोबळमानाने पिकाची पाण्याची गरज होय. पिकाचा कालावधी, ऊन, वारा आणि हवेतील दमटपणा यांनुसार ती बदलते.

ही गरज मिलिमीटरमध्ये मोजतात. सर्वसाधारणपणे ज्वारी व गहू यांना ४५० ते ६५०, भुईमुगास ५०० ते ७००, कापसास ७०० ते १,३०० आणि उसास १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. यात पावसाचे उपयोगी पडणारे पाणीही आले. पाटातून झिरपून वाया जाणारे पाणी मात्र वेगळे.

एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. या हिशेबाने २,००० मिलिमीटर पाणी घेणाऱ्या एक हेक्टर उसास २ कोटी लिटर पाणी लागते. ५०० मिलिमीटरवर येणाऱ्या ज्वारीस ५० लाख लिटर पुरते. म्हणजेच एका हेक्टर उसाच्या पाण्यात ज्वारीचे चार हेक्टर निघू शकतात.

अवर्षणग्रस्त गावात हा प्रश्न पाण्याच्या न्याय्य वाटपाशी येऊन भिडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे कार्य उभारले. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न ठेवता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर असा ठरविण्यात आला. भूमिहीनांचाही हक्क मान्य झाला. उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके मात्र वर्ज्य ठरली, कारण त्याखेरीज सर्वांना पाणी पुरणे शक्य नव्हते.

पाणी किती द्यावे याइतकेच ते केव्हा द्यावे हेही महत्त्वाचे असते. गव्हास मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, पाण्याचा ताण बसू देऊ नये. ज्वारीस पोटरीत येताना व दाणे भरताना, तर भुईमुगास आऱ्या सुटताना व शेंगा पोसताना पाणी अत्यावश्यक असते. हरभऱ्यास फुलोऱ्यापूर्वी व घाटे भरताना पाणी द्यावे. अतिरिक्त पाण्याने हे पीक उभळते.

हंगामाच्या आरंभी हाती असलेले पाणी मोजावे, त्यास झेपेल असेच पीक व क्षेत्र ठरवावे आणि मगच पेरणी करावी. ऐन दाणे भरताना विहीर आटली, तर आधी दिलेले सारे पाणी व्यर्थ जाते.