मूल एक, रिटर्न दोन : अमेरिकेत सवलत कोणाला?

मुलामागची करसवलत कोणी घ्यायची, हा प्रश्न अमेरिकेतल्या विभक्त वा अविवाहित मराठी आईवडिलांपुढे कराचं रिटर्न भरताना येतोच. लग्न झालं होतं की नाही, यापेक्षा दोघं एका छपराखाली राहतात का आणि मूल वर्षात जास्त रात्री कोणाकडे झोपलं, याला आयआरएसच्या (अमेरिकी करखात्याच्या) लेखी महत्त्व आहे. रात्री समसमान असल्या, तर जास्त उत्पन्नवाल्याचा हक्क.

किती पैशांचा प्रश्न?
मुलामागची जुनी वजावट (२०१७ मध्ये ४,०५० डॉलर) २०१८ पासून शून्य झाली. आता मोल आहे चाइल्ड टॅक्स क्रेडिटला. २०२५ च्या रिटर्नमध्ये १७ वर्षांखालील मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत रक्कम थेट करातून वजा होते. त्यासाठी मुलाचा नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसावरच्या, फक्त आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबरऐवजीचा करदाता क्रमांक) असलेल्या मुलामागे जास्तीत जास्त ५०० डॉलर मिळतात.

वेगळे राहत असाल तर
घटस्फोटित असा वा अविवाहित, वर्षाचे शेवटचे सहा महिने पूर्ण वेगळे राहिलात तर नियम एकच. मूल जिच्याकडे जास्त राहतं ती आई फॉर्म ८३३२ वर सही करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट वडिलांना देऊ शकते. फॉर्म फुकट आहे, पण सहीची किंमत २,२०० डॉलरपर्यंत. २००८ नंतरच्या घटस्फोटाच्या निकालपत्राची पानं या फॉर्मऐवजी चालत नाहीत.

सही केली तरी ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा (घर चालवणाऱ्या एकट्या पालकासाठीचा, कमी कराचा) दर्जा आईकडेच राहतो, मात्र घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तिने उचललेला हवा. पगार ५०,००० डॉलर असेल, तर २०२५ मध्ये ‘सिंगल’पेक्षा सुमारे १,०४६ डॉलर कर वाचतो. अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईच्या नोकरदारांसाठीचं) आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिटही फॉर्मने वडिलांकडे जात नाही.

लग्नाविना एकत्र राहत असाल तर
इथे फॉर्म ८३३२ लागू नाही. मूल कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं ते आपसांत ठरवा. दोघांनी दाखवलं, तर मूल ज्याच्यासोबत जास्त काळ राहिलं त्याचा दावा टिकतो. काळ सारखा असेल तर जास्त उत्पन्नवाल्याचा.

चुकीचा दावा केल्यास क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, दंडही होऊ शकतो. म्हणून मुलाच्या रात्रींची नोंद कॅलेंडरवर ठेवा, आणि फॉर्मवर सही कराल ती एकाच वर्षापुरती करा.