आधी बसवा, मग भरवा

अपंग मुलांच्या घरी जाऊन पालकांना मदत करणे हे समाजसेविका म्हणून माझे काम. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगते.

एका घरी तीन वर्षांची मुलगी होती. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर पुरेसा ताबा नव्हता. मी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरून घेत होते. आई मुलीला मांडीवर आडवी घेऊन पातळ पेज पाजत होती. मुलगी सारखी ठसकत होती. मी ते पाहिले, पण काही न बोलता निघाले. महिन्याने गेले तर मुलगी न्यूमोनियाने दवाखान्यात! वर्षातली तिसरी वेळ. आई म्हणाली, “ताई, हिची छातीच नाजूक आहे हो.”

अशा अनेक मुलांना गिळणे कठीण जाते. आडवे ठेवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पुढे फिजिओथेरपिस्टने त्या आईला भरवण्याची रीत शिकवली. ती अशी :

१) मुलाला शक्य तितके ताठ बसवा. भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गोधडीच्या घड्या लावूनही आधार देता येतो.

२) मान मागे पडू देऊ नका. हनुवटी किंचित खाली असावी. समोर बसून, चमचा खालून तोंडाशी न्या.

३) लहान घास द्या. पहिला गिळल्यावरच दुसरा. नाक दाबून किंवा रडत असताना भरवू नका.

४) पातळ पदार्थाने ठसका लागत असेल, तर किती दाट द्यावे हे तज्ज्ञांना विचारा.

५) जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका.

खाताना खोकला, घशात घरघर, वारंवार ताप किंवा वजन न वाढणे, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवा. काही मुलांच्या फुप्फुसात अन्न जाते, तरी खोकला येत नाही, हेही ध्यानात ठेवा. खाताना श्वास कोंडला, ओठ निळे पडले तर मात्र क्षणभरही थांबू नका.

सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथे चौकशी करा. २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. तेव्हा प्रमाणपत्रही जरूर काढा.

ती मुलगी अजून चालत नाही. तिला जेवायला पाऊण तास लागतो. पण दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या आहेत. आणि मी? आता कोणाच्याही घरी गेले की कागद पिशवीतच ठेवते. आधी विचारते, “बाळ जेवते कसे?”